कोरडा दिवस नळाच्या पाळीवर ठरवा: डेंग्यूच्या डासअळ्या संपवणारी घरोघरची फेरी, टप्प्याटप्प्याने

पावसाळा लागला की गावोगावी आणि प्रभागाप्रभागांत डेंग्यूविरोधी मोहीम निघते, आणि दर वर्षी त्याच चुका नव्याने होतात. पहिल्या रुग्णाची बातमी येताच सगळ्यांत आधी धुराचे यंत्र मागवले जाते. पिंप उपडे करून न घासताच पुन्हा भरले जाते. ॲबेट हे अळीनाशक बाटलीच्या झाकणाने, अंदाजाने ओतले जाते. कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस, एखाद्या ठरावीक वारी पाळावा असा फलक लागतो, आणि त्या वारी वस्तीत नळाला पाणी येते की नाही हे कोणी विचारतही नाही. या शेवटच्या चुकीमुळे उरलेली सगळी मेहनत वाया जाते असे माझे मत आहे, म्हणून या लेखात तिच्यापासूनच सुरुवात केली आहे. ग्रामपंचायत सदस्य, आशा ताई, आरोग्य सेवक, मंडळांचे कार्यकर्ते आणि सोसायटीच्या समितीवरील मंडळी यांनी हा क्रम जसाच्या तसा वापरावा.

क्रम असाच का, हे कळण्यासाठी डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाबद्दल चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. हा डास गटारापेक्षा घरातल्या आणि घराभोवतीच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती चिकटवते, आणि ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकून पुन्हा पाणी लागताच फुटतात. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास हा प्रवास पावसाळी हवेत साधारण ७ ते १० दिवसांत पुरा होतो. आणि हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे ज्या गल्लीत रुग्ण सापडतो त्या गल्लीतच, बहुधा शेजारच्या दोन-चार घरांतच, त्याचे मूळ असते.

टप्पा १: पाण्याची पाळी लिहून काढा, मगच कोरडा दिवस ठरवा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पहिल्यांदा फेरीला गेलो तेव्हा एका मावशींनी पिंपावर हात ठेवून विचारले होते, "आठ दिवसांनी पाणी येतंय, ते ओतून देऊ का मी?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण आम्ही कोरडा दिवस शुक्रवारी ठेवला होता आणि त्यांच्या गल्लीत पाणी सुटत होते सोमवारी. शुक्रवारी पिंप रिकामे करायचे तर त्या घराने तीन दिवस काय वापरावे, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केलेला नव्हता. त्या मावशी चुकत नव्हत्या. नियोजन आमचे चुकले होते.

म्हणून मोहिमेच्या किमान एक आठवडा आधी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे व्हॉल्व्हमनला किंवा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला, सोबत घेऊन बसा. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ पाणी येते हे एका कागदावर लिहून काढा. टँकरवर अवलंबून असलेली घरे, बोअर असलेली घरे आणि विहिरीचे पाणी भरणारी घरे यांच्या वेगळ्या खुणा करा. मग प्रत्येक गल्लीचा कोरडा दिवस नळाला पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी पाणी सुटण्यापूर्वीच्या सकाळी ठेवा. त्या वेळी पिंपात तळाला चार बोटे पाणी उरलेले असते, ते भांडी आणि फरशीला वापरता येते, आणि घासलेले भांडे लगेच नव्या पाण्याने भरता येते.

एका गावात किंवा प्रभागात चार-पाच वेगवेगळे कोरडे दिवस झाले तरी काही बिघडत नाही. एकच दिवस पाळण्याचा आग्रह फलक छापणाऱ्याच्या सोयीचा असतो, घरच्या माणसांच्या सोयीचा नसतो.

पाणी ७ दिवसांपेक्षा उशिरा येत असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण अळीचा डास व्हायला तेवढा अवधी पुरतो. अशा गल्ल्यांसाठी टप्पा ४ मध्ये दिलेली गाळण्याची रीत मधल्या एखाद्या दिवशी, म्हणजे पाचव्या किंवा सहाव्या दिवशी, करून घ्यावी लागते. ही रीत शिकवल्याशिवाय त्या गल्लीत कोरड्या दिवसाचे नावही काढू नका.

*पडताळणी: गल्ल्यांची यादी, प्रत्येकीची पाण्याची वेळ आणि तिच्यासमोर ठरवलेला कोरडा दिवस, असा कागद हातात असल्याशिवाय पुढच्या टप्प्याला लागू नये.*

टप्पा २: माणसे आणि साहित्य

पथक दोघांचे असावे आणि त्यांत एक बाई असावी, कारण पाण्याची निम्मी भांडी स्वयंपाकघरात, न्हाणीत आणि मागच्या पडवीत असतात, आणि तिथे परक्या पुरुषाला कोणी मोकळेपणाने नेत नाही. एका पथकाने दिवसाला ५० ते ६० घरे नीट पाहिली तर ते काम पुरेसे आहे. नोंदवहीत एका दिवसात दीडशे घरे दिसू लागली की दारावरूनच विचारून परत फिरणे सुरू झाले आहे असे समजावे.

सोबत घ्यायचे साहित्य असे: चांगली बॅटरी, लांब दांड्याचा डिपर किंवा ओगराळे, पांढरी ट्रे किंवा पांढरी थाळी, ड्रॉपर, काथ्याची घासणी, गाळण्यासाठी सुती कापडाचे दोन तुकडे, मोजपट्टी, खडू किंवा गेरू आणि नोंदवही. औषध वापरणाऱ्याकडे याखेरीज रबरी हातमोजे, १० मिलीची सिरिंज, १०० मिलीचे मोजपात्र आणि औषधासाठीच राखून ठेवलेली, ठळक लेबल लावलेली १ लिटरची बाटली असली पाहिजे.

*खबरदारी: अळीनाशक कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. बाटली घरातल्या ओट्यावर क्षणभर टेकवली तरी लहान मूल ती उचलते.*

टप्पा ३: दारात काय बोलावे आणि आत काय पाहावे

दारात पहिले वाक्य पाणी ओतण्याबद्दल नसावे. "मावशी, पाणी ओतायला लावणार नाही, फक्त झाकण उघडून दाखवा," एवढे म्हटले की बहुतेक दारे उघडतात. आत गेल्यावर घरच्या बाईला सोबत घेऊनच फिरावे आणि अळी सापडली तर ती तिला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवावी. पत्रकापेक्षा पांढऱ्या थाळीतली वळवळणारी अळी जास्त पटते.

तपासणीची दिशा नेहमी एकच ठेवावी: घरातून सुरुवात, मग न्हाणी आणि संडास, मग मागचे-पुढचे अंगण, शेवटी गच्ची किंवा पत्रा. दिशा बदलली की काहीतरी राहते, आणि राहते ते बहुधा गच्चीवरचेच.

भांडे तपासताना पिंपाला धक्का देऊ नये आणि झाकण आपटू नये. अळ्या सावली आणि हादरा यांनी घाबरून तळाशी जातात, आणि उघडताक्षणी डोकावणाऱ्याला पाणी स्वच्छ दिसते. झाकण हलकेच बाजूला करावे, बॅटरीचा झोत तिरका धरावा आणि मिनिटभर थांबावे. अळ्यांना श्वासासाठी पुन्हा वर यावेच लागते. मग डिपर पाण्याच्या कडेला तिरका बुडवून पाणी घ्यावे आणि पांढऱ्या थाळीत ओतून पाहावे.

थाळीत पाणी स्थिर झाले की ओळख पटवणे सोपे असते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी ॲनाफिलीस डासाची, म्हणजे हिवतापाकडे लक्ष वेधणारी. डोके खाली करून तिरकी लोंबकळणारी अळी एडीस किंवा क्युलेक्सची. घरातल्या स्वच्छ पाण्यात, आखूड जाडसर श्वासनळीची आणि नागमोडी वळणे घेत पोहणारी असेल तर ती एडीसची समजून कामाला लागावे. स्वल्पविरामाच्या आकाराचा, गोलसर डोक्याचा, टुणकन खाली जाणारा जीव दिसला तर तो कोष आहे. कोष दिसलेल्या घराची नोंद लाल पेनाने करावी, कारण तिथे एक-दोन दिवसांतच डास उडणार असतो.

आता कुठे पाहावे. पिंपे, सिमेंटच्या टाक्या, हौद, रांजण आणि माठ सगळेच पाहतात. राहून जातात त्या जागा अशा: फ्रिजच्या मागे खाली असलेला पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांट आणि बांबूच्या बाटल्या, देवघरातला तांब्या, पक्ष्यांसाठी गॅलरीत ठेवलेले भांडे, बंद पडलेला कूलर, वापरात नसलेल्या संडासाची टाकी आणि पत्र्यावर पसरलेल्या ताडपत्रीच्या घड्या. कूलरमध्ये पाणी नसले तरी त्याच्या वाळ्याच्या जाळ्यांना अंडी चिकटलेली असू शकतात. हंगाम संपल्यावर त्या जाळ्या काढून नष्ट कराव्यात, पुढच्या वर्षासाठी माळ्यावर टाकू नयेत.

टप्पा ४: ओतणे, गाळणे, घासणे, वाळवणे

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा, कारण फेरी यशस्वी होते ती इथे. अळी मारण्यासाठी घरचे पाणी फुकट घालवण्याची गरज नाही. चार कृती क्रमाने केल्या की पुरे.

पहिली कृती गाळण्याची. शेजारी एक मोकळी बादली किंवा दुसरे पिंप ठेवावे, त्याच्या तोंडावर सुती कापड दुहेरी घडी करून बांधावे आणि वरचे पाणी त्यातून ओतावे. अळ्या आणि कोष दोन्ही कापडावर राहतात. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे कापड उत्तम; नायलॉनची जाळी विरळ असते आणि लहान अळ्या तिच्यातून निसटतात.

दुसरी कृती तळाच्या पाण्याची. शेवटचे तांब्या-दोन तांबे गाळ आणि अळ्यांनी भरलेले असतात. ते गटारात किंवा न्हाणीच्या मोरीत ओतू नये, कारण साचलेल्या पाण्यात अळी जगू शकते. ते कोरड्या मातीवर किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर पसरून ओतावे. कापडही तिथेच झटकावे.

तिसरी कृती घासण्याची, आणि हीच बहुतेक घरांत राहते. मी एका घरात सलग दोन आठवडे अळ्या पाहिल्या. घरच्या सुनेने दर आठवड्याला पिंप उपडे केले होते, आणि ती खोटे बोलत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आम्ही पिंप उन्हात आडवे पाडले आणि बॅटरी आत धरली, तेव्हा पाण्याच्या जुन्या रेषेजवळ, प्लॅस्टिकच्या वळ्यांच्या खाचेत, काळ्या बारीक दाण्यांची एक अख्खी ओळ दिसली. बोटाने पुसली तर ती निघेना. काथ्याने रगडल्यावर निघाली. ती ओळ म्हणजे अंडी होती, आणि दर वेळी भरलेल्या नव्या पाण्याने तीच फुटत होती. म्हणून घासताना तळापेक्षा वरच्या तीन-चार पाणरेषांवर अधिक जोर द्यावा, झाकणाची आतली बाजू आणि तोंडाची कड रगडावी, आणि धुण्याची पावडर वापरली असेल तर भांडे दोनदा खळबळून घ्यावे. घासलेले पाणीही मातीवरच टाकावे.

चौथी कृती वाळवण्याची. भांडे तोंड खाली करून किमान तासभर उन्हात ठेवावे. पावसाळ्यात ऊन नसते हे खरे आहे. तेव्हा कोरड्या फडक्याने आतून पुसून घेतले तरी चालते. केवळ वाळवण्याने अंडी मरत नाहीत, त्यामुळे वाळवणे हा घासण्याला पर्याय समजू नये.

यानंतर गाळलेले पाणी परत भरावे, किंवा नळाची वेळ असेल तर नवे पाणी घ्यावे. ज्या गल्लीत ७ दिवसांहून उशिरा पाणी येते तिथे हीच पूर्ण रीत पाळीच्या मधल्या दिवशी करावी. घरात एक जास्तीचे पिंप असले की दोन पिंपांचे काम अर्ध्या तासात उरकते, कारण एकातून दुसऱ्यात गाळत जाता येते.

*पडताळणी: घासून झालेल्या पिंपाच्या आतल्या पाणरेषेवर बोट फिरवावे. खरखर लागली तर घासणे पुन्हा करावे.*

हौद किंवा सिमेंटची मोठी टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर पाणी खाली गेल्यावर उघड्या पडलेल्या भिंती तरी घासाव्यात, आणि मग टप्पा ५ व ६ कडे जावे.

टप्पा ५: झाकणे

झाकण असणे आणि झाकलेले असणे यांत फरक आहे. लाकडी फळी, वाकलेला पत्रा किंवा पाइप आत जाण्यासाठी कापलेले प्लॅस्टिकचे झाकण यांतून डास सहज आत जातो. पिंपाच्या तोंडावर दुहेरी सुती कापड ताणून, सायकलच्या ट्यूबच्या रबराने घट्ट बांधणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. कापड मध्ये झुकून पाण्याला टेकत असेल तर ते निरुपयोगी होते, कारण मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचे झाकण पेचाने बसलेले आहे ना हे पाहावे आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी किंवा कापड बांधल्याने एडीस नव्हे तरी क्युलेक्स डास निश्चित कमी होतात.

टप्पा ६: अळीनाशक, मोजून आणि शेवटी

रिकामे करता येत नाही, गाळता येत नाही आणि घट्ट झाकताही येत नाही अशा पाण्यासाठीच टेमिफॉस आहे, ज्याला सगळे ॲबेट म्हणतात. हे काम आरोग्य विभागाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यानेच करावे. घरात औषधाची बाटली देऊन येऊ नये. पिण्याच्या माठात, कळशीत आणि हंड्यात औषध घालण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती भांडी रोज घासता येतात.

साठवलेल्या पाण्यात टेमिफॉसचे प्रमाण १ लिटरला १ मिलिग्रॅम असे असते, आणि ते त्याहून वाढू नये. ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळण्याच्या दाट द्रवरूप) औषधाच्या १ मिलीमध्ये ५०० मिलिग्रॅम टेमिफॉस असते, म्हणजे १ मिली औषध ५०० लिटर पाण्याला पुरते. २०० लिटरच्या पिंपाला याप्रमाणे अर्ध्या मिलीपेक्षाही कमी औषध लागेल आणि एवढे अचूक मोजणे घरोघरी फिरताना अशक्य आहे. बाटलीचे झाकण भरून ओतणारा माणूस इथेच दहापट चुकतो.

यावर उपाय म्हणजे पातळ द्रावण. सिरिंजने १० मिली औषध मोजून घ्यावे आणि त्यात पाणी घालून एकूण १ लिटर द्रावण करावे. या द्रावणाच्या १ मिलीमध्ये ५ मिलिग्रॅम औषध येते, म्हणजे १ मिली द्रावण ५ लिटर पाण्याला. २०० लिटर पाणी असलेल्या पिंपाला ४० मिली द्रावण. हिशेब नेहमी भांड्यात प्रत्यक्ष असलेल्या पाण्याचा करावा, भांड्याच्या पूर्ण मापाचा नव्हे.

चौकोनी टाकीचे पाणी मोजताना लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे. ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट पाणी असलेल्या टाकीत १८ घनफूट, म्हणजे साधारण ५०० लिटर पाणी होते. तिला १०० मिली द्रावण पुरते. १ टक्का दाणेदार टेमिफॉस उपलब्ध असेल तर १० लिटर पाण्याला १ ग्रॅम हा हिशेब आहे. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर वरील आकडे लागू होत नाहीत. लेबल वाचूनच पुन्हा गणित करावे.

द्रावण रोजचे रोज करावे, ओतण्यापूर्वी दर वेळी हलवावे आणि संध्याकाळी उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ते पाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे पसरेल असे ओतावे. पाणी वापरून संपले आणि नवे भरले की औषधाचा परिणामही गेला, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे.

कोष काही खात नाही, त्यामुळे त्याच्यावर अळीनाशकाचा भरवसा धरता येत नाही. कोष दिसलेल्या भांड्यात आधी ओगराळ्याने किंवा कापडाने कोष काढावेत आणि मग औषध घालावे.

*खबरदारी: टेमिफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक आहे. कोणाच्या पोटात गेले तर उलटी करवू नये; बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात न्यावे.*

*पडताळणी: औषध घातलेली दोन-तीन भांडी २४ तासांनी पुन्हा पाहावीत. अळ्या जिवंत असतील तर माप, पाण्याचा अंदाज किंवा औषधाची मुदत यांपैकी काहीतरी चुकले आहे. दुप्पट औषध ओतणे हा त्यावरचा उपाय नाही.*

टप्पा ७: गप्पी मासे

वापरात नसलेल्या विहिरी, जनावरांचे हौद आणि कारंजी यांसाठी गप्पी मासे चांगले काम करतात. ते नदी, ओढा किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण तिथल्या मूळ माशांना त्यांचा त्रास होतो. ज्या विहिरीत ग्रामपंचायत नियमित टीसीएल (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग) पावडर टाकते तिथे हे मासे टिकत नाहीत. एक माणूस सकाळी मासे सोडतो आणि दुसरा संध्याकाळी पावडर टाकतो, असे दोघांचे काम एकमेकांना न विचारता चाललेले असेल तर मासे मेल्यावर मोहीमच बदनाम होते. मासे सोडण्याआधी पावडर टाकणाऱ्याला विचारावे. हौद घासताना मासे बादलीत काढून ठेवण्याची आठवण घरमालकाला द्यावी.

टप्पा ८: घराबाहेरचे पाणी

टायर हे सर्वांत वाईट ठिकाण आहे. ते उपडे केले तरी आतल्या वळणात पाणी राहतेच, म्हणून पंक्चरच्या दुकानांतले टायर छपराखाली घ्यावेत किंवा त्यांना खालून भोके पाडावीत. करवंट्या, चहाचे कप, फुटके डबे आणि शहाळी यांसाठी एक पोते घेऊन एक माणूस पथकामागे चालला तर तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. भंगारवाल्यांकडे स्वतंत्र फेरी करावी.

बांधकामाच्या जागी लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर बांध घालून साठवलेले पाणी आणि मजुरांची उघडी पिंपे या तीन गोष्टी पाहाव्यात. तिथला मुकादम बदलत राहतो, म्हणून सूचना तोंडी देऊ नये. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

टप्पा ९: रुग्ण सापडल्यावर धूर, पण या क्रमाने

धूर फक्त उडणारा डास मारतो. अंडी, अळ्या आणि कोष यांना त्याचे काहीच होत नाही. शिवाय एडीस रस्त्यावर बसत नाही. तो पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत विसावतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या यंत्राचा धूर तिथवर फारसा पोचत नाही. त्यामुळे आधी रुग्णाच्या घराभोवतीच्या साधारण ५० घरांत टप्पा ३ ते ६ त्याच दिवशी पूर्ण करावेत, आणि त्याच घरांत आतून पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी करावी. २ टक्के पायरेथ्रम अर्काचा १ भाग आणि रॉकेलचे १९ भाग हे त्याचे नेहमीचे मिश्रण आहे. ते आरोग्य कर्मचाऱ्यानेच तयार करावे.

घरात फवारण्यापूर्वी गॅस, शेगडी आणि देवाचा दिवा विझवावा, विजेचा मुख्य खटका बंद करावा, अन्न आणि पाणी झाकावे, माशांचे भांडे झाकून बाहेर न्यावे, माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत. दमेकरी, तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांची बसण्याची सोय आधी पाहावी. फवारणीनंतर दारे-खिडक्या अर्धा तास बंद ठेवाव्यात आणि मग सगळे उघडून हवा खेळती झाल्यावरच आत जावे. बाहेरच्या धुरासाठी याच्या उलट, दारे-खिडक्या उघड्या ठेवण्यास सांगावे. बाहेरचा धूर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना करावा. भर दुपारी केलेला धूर तापलेल्या हवेबरोबर वर निघून जातो.

रुग्णाला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्याला चावलेला डास ८ ते १२ दिवसांनी इतरांना रोग देऊ लागतो, आणि हा डास दिवसा चावतो. रात्रीपुरती मच्छरदाणी बांधून हा धोका टळत नाही.

टप्पा १०: नोंद आणि फेरतपासणी

नोंदवहीत प्रत्येक घरापुढे पाण्याच्या भांड्यांची संख्या, अळ्या सापडलेली भांडी, भांड्याचा प्रकार आणि केलेली कृती एवढे चार रकाने असावेत. भिंतीवर दाराशेजारी खडूने तारीख टाकावी. कोरडी भांडी मोजू नयेत. ती मोजली की आकडा उगाच छान दिसतो.

फेरी संपल्यावर तीन आकडे काढावेत. समजा, ६० घरे पाहिली, ९ घरांत अळ्या सापडल्या, पाण्याची ३०० भांडी पाहिली आणि १२ भांड्यांत अळ्या होत्या. तर घर निर्देशांक ९ भागिले ६० गुणिले १०० म्हणजे १५, भांडी निर्देशांक ४, आणि दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी सांगणारा ब्रेटो निर्देशांक २० येतो. या आकड्यांची तुलना शेजारच्या प्रभागाशी करण्यापेक्षा त्याच गल्लीच्या मागच्या आठवड्याशी करावी. भांड्यांच्या प्रकारांची बेरीज तर आवर्जून करावी. १२ पैकी ८ पिंपे निघाली तर पुढच्या आठवड्याचे काम पिंपांवर आहे; ८ टायर निघाले तर घरोघरी फिरण्याआधी पंक्चरच्या दुकानदारांना गाठायचे आहे.

बंद घरे वेगळ्या पानावर लिहावीत आणि पाहिलेल्या घरांत धरू नयेत. बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाची गच्चीवरची उघडी टाकी सगळ्या गल्लीला पुरेल इतके डास देते. शेजाऱ्यांकडून घरमालकाचा ठावठिकाणा विचारावा, संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी पुन्हा जावे, आणि तिसऱ्या फेरीतही घर बंद आढळले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला लेखी कळवावे.

अळ्या सापडलेल्या प्रत्येक घरात सातव्या दिवशी पुन्हा जावे, आणि जाताना टप्पा १ चा कागद सोबत ठेवावा. मधल्या काळात पाणी सोडण्याची वेळ बदललेली असते, मोटार जळलेली असते, टँकर सुरू झालेला असतो. तसे झाले असेल तर त्या गल्लीचा कोरडा दिवस त्याच ठिकाणी, घरच्या बायकांना विचारून, नव्या पाळीप्रमाणे बदलून लिहावा आणि व्हॉल्व्हमनला त्याच संध्याकाळी कळवावा.